इमोबिलायझर, मोटारगाडीतील

चावीची इलेक्ट्रॉनीय ओळख पटल्याशिवाय मोटारगाडीचे एंजिन चालू होऊ न देणाऱ्या साधनाला इमोबिलायझर म्हणतात. दार उघडताच भोंगा वाजविणाऱ्या इशारायंत्रणेहून हे साधन वेगळे आहे. इशारायंत्रणा चोरी होत असल्याचे जाहीर करते. इमोबिलायझर मात्र कोणताही आवाज न करता इंधनपुरवठा, ठिणगी किंवा स्टार्टर यांपैकी एक वा अधिक गोष्टी रोखून धरतो. चोर व मालक यांतील भेद त्याला केवळ चावीतील चिपवरून कळतो. चिपचा संकेत कोणत्याही कारणाने पोहोचला नाही, तर मालकही त्याच्या लेखी परकाच ठरतो. त्यामुळे पंधरा-वीस वर्षे वापरलेल्या गाडीत पुढील प्रकार आढळतो : एंजिन, इंधन व चाके सुस्थितीत असूनही गाडी जागची हलत नाही. अशा वेळी दोष इमोबिलायझरला दिला जातो. परंतु पुष्कळदा तो स्वतः बिघडलेला नसतो, त्याच्यापर्यंत पोहोचणारा विद्युत् पुरवठा किंवा चावीचा संकेत क्षीण झालेला असतो. हा फरक ओळखणे हाच अशा गाडीच्या दुरुस्तीचा मुख्य भाग होय.

इतिहास : जुन्या मोटारगाड्यांत चावी हा केवळ एक स्विच होता. प्रीमियर पद्मिनी किंवा ॲम्बॅसडर यांसारख्या गाडीच्या कुलपामागील तारा एकमेकींस जोडल्या की चावीवाचूनही एंजिन चालू करता येई. यावर उपाय म्हणून जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने १९८६ च्या शेव्हरोले कॉर्व्हेट गाडीच्या चावीच्या पात्यात एक लहानसा रोधक बसविला. रोधाची १५ निरनिराळी मूल्ये वापरलेली होती. कुलपात घातलेल्या चावीचे मूल्य गाडीत नोंदलेल्या मूल्याशी जुळले नाही, तर एंजिन काही मिनिटे चालू होत नसे. मात्र चावी व कुलूप यांच्यातील स्पर्शबिंदू झिजले वा मळले आणि स्टिअरिंगच्या दांड्यातील बारीक तारा तुटल्या की खऱ्या चावीनेही गाडी चालू होत नसे. अशा रीतीने या साधनाच्या बिघाडाचा इतिहासही साधनाइतकाच जुना आहे.

१९९० नंतरच्या दशकात स्पर्शाऐवजी रेडिओ लहरींनी ओळख पटविणाऱ्या चिपचा वापर यूरोपात सुरू झाला. जर्मनीत १९९५ पासून विमा कंपन्यांच्या आग्रहामुळे तो रूढ झाला आणि यूरोपीय संघात १९९८ पासून नव्या मोटारगाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा करण्यात आला. ऑस्ट्रेलियात २००१ मध्ये व कॅनडात २००७ मध्ये तशीच सक्ती झाली. नेदर्लंड्समधील मोटारचोऱ्यांच्या एका अभ्यासात १९९५–२००८ या काळात या साधनामुळे चोऱ्यांचे प्रमाण सरासरीने सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. पहिल्या चिप एकच ठरावीक क्रमांक पाठवीत. पुढे गूढलेखनाचा अवलंब करण्यात आला. तीही पद्धत अभेद्य ठरली नाही. ४० द्विमान अंकांची गुप्त किल्ली असलेली एक प्रचलित चिप संशोधकांनी २००५ मध्ये, तर ‘हायटॅग-२’ ही दुसरी चिप २०१२ मध्ये फोडून दाखविली. तथापि तारा जोडून गाडी पळविणे या साधनामुळे अशक्यप्राय झाले, हे निर्विवाद आहे.

भारतात इलेक्ट्रॉनीय इंधन अंतःक्षेपणाचा प्रसार प्रामुख्याने २००० साली लागू झालेल्या उत्सर्जन मानकांबरोबर झाला. एंजिनाचे नियंत्रण संगणकाच्या हाती गेल्याने त्याला इमोबिलायझर जोडणे सोपे झाले. मारुती सुझुकी कंपनीची ‘आयकॅट्स’ ही यंत्रणा या प्रकारची होय. १ जुलै २००२ पासून लागू झालेल्या भारतीय मोटार विमा दरपत्रकात पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेने मान्य केलेले चोरीविरोधी साधन बसविल्यास गाडीच्या स्वनुकसान विम्याच्या हप्त्यात २.५ टक्के, परंतु खाजगी मोटारीसाठी जास्तीत जास्त ५०० रुपये, इतकी सवलत ठेवण्यात आली होती. ज्या गाड्यांत कारखान्यातून हे साधन आले नव्हते, त्यांत बाजारातून घेतलेली साधने बसविण्याची प्रथाही त्या काळी होती.

रचना व कार्य : चावीच्या प्लॅस्टिकच्या मुठीत काचेच्या बारीक नळीच्या किंवा लहान पाचरीच्या आकाराची एक चिप असते. तिला स्वतःचा विद्युत् घट नसतो. कुलपाच्या तोंडाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वलयाकार वेटोळे बसविलेले असते. चावी फिरविताच या वेटोळ्यातून सु. १२५ किलोहर्ट्‌झ (काही यंत्रणांत १३४.२ किलोहर्ट्‌झ) कंप्रतेचा प्रत्यावर्ती प्रवाह जातो. त्याने निर्माण झालेल्या चुंबकीय क्षेत्रामुळे चिपमधील सूक्ष्म वेटोळ्यात विद्युत् दाब प्रवर्तित होतो व त्या ऊर्जेवर चिप काही क्षण जागी होऊन आपला संकेत परत पाठविते. या क्षेत्राचा पल्ला अवघा काही सेंटिमीटर असतो. नव्या पद्धतीत गाडी चिपला दर वेळी वेगळी संख्या पाठविते आणि गुप्त किल्लीच्या साहाय्याने चिपने काढलेले उत्तर स्वतःच्या उत्तराशी ताडून पाहते. ही देवघेव सेकंदाच्या काही अंशात पूर्ण होते. उत्तर जुळले की इमोबिलायझर एंजिन नियंत्रकास, म्हणजे गॅरेजमध्ये ‘ईसीएम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगणकास, अनुमती देतो व नियंत्रक अंतःक्षेपक आणि ठिणगी यांचे काम सुरू करतो.

दारे उघडणाऱ्या रिमोटशी या चिपचा संबंध नसतो. दोन्ही एकाच मुठीत असल्या, तरी रिमोट वेगळ्या व फार उच्च कंप्रतेवर आणि स्वतःच्या नाण्यासारख्या घटावर चालतो. म्हणून रिमोटचा घट बदलून इमोबिलायझरचा दोष दूर होत नाही. उलट दारे रिमोटने उघडत नसली, तरी चिप निर्दोष असू शकते. बटन दाबून चालू होणाऱ्या गाड्यांतही चावीचा घट संपल्यास ती ठरावीक जागी टेकवून गाडी चालू करण्याची जी सोय असते, ती याच बिनघटाच्या चिपवर आधारलेली असते.

बिघाडाची कारणे : जुन्या गाडीत या साखळीचा कोणता दुवा निसटला आहे हे प्रथम पाहावे लागते. सर्वांत दुबळा दुवा म्हणजे बॅटरी. पूर्ण भारित व विश्रांत अवस्थेतील बॅटरीचा विद्युत् दाब सु. १२.६ व्होल्ट असतो. तो १२ व्होल्टच्या खाली गेल्यास बॅटरी बहुतांशी रिती झालेली असते. स्टार्टर फिरताना दाब क्षणभर आणखी खाली येतो. तो सु. ९.५ व्होल्टपेक्षा कमी झाला, तर स्टार्टर कसाबसा फिरत असतानाही नियंत्रक व इमोबिलायझर यांचे काम मधेच खंडित होऊ शकते आणि चावीची ओळख अपुरी राहते. गंजलेली टोके व ढिली झालेली भूतार यांमुळेही हाच परिणाम होतो.

दुसरे कारण चावीचे. वारंवार पडल्यामुळे चिपला तडा जातो किंवा मूठ फुटून चिप हरवते. जुनी मूठ बदलताना कारागीर पाते व बटने नव्या मुठीत घालतो, मात्र चिप जुन्या मुठीतच राहून फेकली जाते, असेही घडते. केवळ पाते कापून केलेल्या चावीने दार व कुलूप उघडते, पण एंजिन चालू होत नाही. एकाच कडीत दोन चिपच्या चाव्या अडकविल्यास त्यांचे संकेत परस्परांत मिसळून ओळख पटत नाही.

तिसरे कारण वाचक वेटोळे व त्याच्या तारा. स्टिअरिंगचा दांडा वरखाली करता येणाऱ्या गाड्यांत तारांचा जुडगा घासला जातो. वेटोळ्याच्या टोकाशी असलेला डाख धक्क्यांनी निखळतो व गाडी कधी चालू होते, कधी होत नाही. चौथे कारण नियंत्रकाचे : डाखाला पडलेल्या बारीक चिरा, वाळलेली धारित्रे, गालिच्याखाली मुरलेले पाणी, दुसऱ्या गाडीवरून विद्युत् पुरवठा घेताना उलटी जोडलेली टोके किंवा बॅटरी न सोडविता केलेले वितळजोडकाम यांमुळे नियंत्रकातील स्मृती बिघडू शकते. मोडीत काढलेल्या गाडीचा नियंत्रक स्वस्तात आणून बसविल्यास तो मूळ इमोबिलायझरला ओळखत नाही. मग दोन्ही भाग निर्दोष असूनही गाडी बंदच राहते.

धाराशिव जिल्ह्यातील परिस्थिती : मराठवाड्याच्या धाराशिव (२०२३ पर्यंतचे नाव उस्मानाबाद) जिल्ह्यात वरील बहुतेक कारणे एकत्र येतात. बालाघाट पठारावरील या अवर्षणप्रवण प्रदेशात उन्हाळ्यात कमाल तापमान ४०° से. च्या वर जाते आणि उघड्यावर उभ्या केलेल्या बंद गाडीतील पुढील फळीचे तापमान ७०° से. च्या आसपास पोहोचू शकते. वाचक वेटोळे व पुष्कळदा इमोबिलायझरचा संच याच फळीच्या आत असतात. तापमान १०° से. ने वाढले की बॅटरीतील रासायनिक विक्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. म्हणून उष्ण प्रदेशात बॅटरी लवकर निकामी होते. उन्हाळ्यातील धूळ, त्यानंतरच्या पावसाळ्यातील दमटपणा, ग्रामीण रस्त्यांवरील हादरे आणि धान्याच्या आसऱ्याला येऊन तारा कुरतडणारे उंदीर यांची त्यात भर पडते.

याहून महत्त्वाची गोष्ट अंतराची आहे. जिल्ह्यातून सोलापूर–धुळे व पुणे–हैदराबाद हे राष्ट्रीय महामार्ग जातात. पहिल्यावर तुळजापूर, धाराशिव व येडशी, तर दुसऱ्यावर नळदुर्ग व उमरगा ही गावे आहेत. सामान्य यांत्रिक दुरुस्ती या गावी होते. पण चिप नोंदविणे किंवा नियंत्रकाची स्मृती वाचणे यांसाठी बहुधा सोलापूर, लातूर वा पुणे गाठावे लागते आणि परांडा, भूमकडील लोकांना बार्शीच्या बाजारपेठेचा आधार असतो. शारदीय नवरात्रात तुळजापूरला भवानीच्या दर्शनासाठी दूरदूरच्या गाड्या येतात. तेथील वाहनतळावर बंद पडलेल्या गाडीची दुसरी चावी शेकडो किलोमीटर दूर घरी असली, तर बिघाड दहा मिनिटांचा असूनही खोळंबा दिवसाचा होतो. रुग्णाला घेऊन सोलापूरकडे निघालेल्या कुटुंबाच्या बाबतीत हाच खोळंबा जिवावर बेतू शकतो.

जुन्या गाड्या वापरात राहण्यास कायद्याचीही आडकाठी नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे वैध असते व त्यानंतर गाडी योग्य ठरल्यास ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. पुण्या-मुंबईकडे वापरलेल्या गाड्या पुढे लहान गावांतील मालकांकडे येतात. दोन-तीन हस्तांतरांत कागदपत्रे मिळतात, परंतु दुसरी चावी व सांकेतिक क्रमांकाची पट्टी बहुधा मधेच कोठेतरी हरवलेली असते. गाडीपेक्षा तिची ओळख आधी नाहीशी होते, असे म्हणता येईल.

निदान : चावी फिरविल्यावर पुढील फळीवर किल्लीचे किंवा कुलपासह गाडीचे चित्र असलेला दिवा लागतो. ओळख पटल्यास तो काही क्षणांत विझतो. न पटल्यास लुकलुकत राहतो किंवा विझत नाही. नेमका अर्थ त्या गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. या दिव्यावरून व स्टार्टरच्या वर्तनावरून पुढीलप्रमाणे अनुमान करता येते. (१) स्टार्टर फिरत नाही व इतर दिवे मंद होतात : बॅटरी किंवा तिची टोके सदोष. (२) स्टार्टर जोमाने फिरतो, एंजिन चालू होऊन एक-दोन सेकंदांत बंद पडते किंवा मुळीच पेटत नाही, आणि दिवा लुकलुकतो : चावीची ओळख पटलेली नाही. (३) स्टार्टर फिरतो, दिवा नेहमीप्रमाणे विझतो, पण एंजिन पेटत नाही : इमोबिलायझरने अनुमती दिलेली आहे, दोष इंधन पंप, फ्यूज, रिले किंवा भुजादंडाची स्थिती सांगणारा संवेदक यांत शोधावा. हा संवेदक तापल्यावर निकामी होऊन थंड झाल्यावर पुन्हा चालू लागतो, त्यामुळे उन्हाळ्यात हा दोष इमोबिलायझरचा समजला जातो. (४) गाडी धावत असता एंजिन बंद पडते : बहुतेक मूळ यंत्रणांत ओळख केवळ आरंभी तपासली जाते, त्यामुळे कारण बहुधा अन्यत्र असते. बाजारातून बसविलेल्या साधनात मात्र प्रज्वलनाची तार तोडून मधे रिले घातलेला असतो. त्या रिलेचा सांधा ढिला झाल्यास धावती गाडीही अचानक बंद पडते. म्हणून अशी जुनी साधने अधिक धोक्याची असतात.

रस्त्यावर करावयाची तपासणी साध्या क्रमाने होते. कडीतील इतर चाव्या दूर कराव्यात. दुसरी चावी असल्यास तीच आधी लावून पाहावी. दुसऱ्या चावीने गाडी चालू झाली, तर दोष पहिल्या चावीत आहे हे तत्काळ सिद्ध होते. त्यानंतर बॅटरीची टोके घासून घट्ट करावीत व दुसऱ्या बॅटरीचा आधार घेऊन पाहावे. चुकीचे अनेक प्रयत्न झाल्यास काही यंत्रणा स्वतःला काही काळ कुलूपबंद करून घेतात. म्हणून चावी पुनःपुन्हा फिरवत राहू नये, थोडा वेळ थांबून एकदाच प्रयत्न करावा. गाडीला धक्का मारण्याचा सर्वपरिचित उपाय येथे निरुपयोगी ठरतो. बॅटरी केवळ दुबळी असेल, तर धक्क्याने एंजिन चालू होऊ शकते. परंतु इमोबिलायझरने अंतःक्षेपण रोखले असेल, तर गाडी कितीही ढकलली तरी एंजिन पेटत नाही.

दुरुस्ती : वेटोळे, तारा व भूतार यांची दुरुस्ती स्थानिक विद्युत् कारागीर करू शकतो. नवी चिप नोंदविण्यासाठी मात्र निदानयंत्र व त्या गाडीचा सांकेतिक क्रमांक लागतो. नोंदणी प्रमाणपत्र व मालकाची ओळख पाहून तो क्रमांक अधिकृत विक्रेत्यामार्फत मिळविता येतो. भारतात एंजिनातील दोषांची नोंद ठेवणारी प्रमाणित निदानपद्धती नव्या मोटारींना २०१० पासून व तिचा पुढचा टप्पा २०१३ पासून लागू झाला. त्याआधीच्या गाड्यांत प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी होती. त्यामुळे गॅरेजमधील सर्वसाधारण यंत्र या गाड्यांच्या नियंत्रकाशी बोलू शकेलच, असे नाही. इमोबिलायझरमधील दोष तर नव्या गाडीतही सामान्य यंत्राने नेहमी वाचता येत नाहीत. नियंत्रकच निकामी झाल्यास नियंत्रक, इमोबिलायझर व चावी हा एकाच गाडीचा संपूर्ण संच बसविणे किंवा जुन्या नियंत्रकातील स्मृती नव्यात उतरविणे हे दोन मार्ग राहतात.

काही ठिकाणी नियंत्रकातील कार्यक्रम बदलून इमोबिलायझर कायमचा निकामी करून देतात. सुटे भाग मिळेनासे झालेल्या गाडीच्या मालकाला हा उपाय स्वस्त व सुटसुटीत वाटतो. तथापि त्यानंतर गाडी पुन्हा तारा जोडून पळविता येण्याच्या अवस्थेत येते. २०२१ नंतर अमेरिकेत इमोबिलायझर नसलेल्या काही स्वस्त गाड्यांच्या चोऱ्यांची जी लाट आली, तिने या साधनाचे महत्त्व उलट बाजूने दाखवून दिले. शिवाय गाडी चोरीस गेल्यास विमा कंपनी बहुधा दोन्ही मूळ चाव्या मागते. साधन निकामी केल्याचे किंवा चावी हरविल्याचे न कळविल्यास दाव्याबाबत वाद उद्‌भवतो.

प्रतिबंध : जुन्या गाडीच्या बाबतीत सर्वांत उपयुक्त खबरदारी यांत्रिक नसून नोंदीची आहे. गाडी विकत घेतानाच दोन्ही चाव्यांनी एंजिन चालू करून पाहावे, सांकेतिक क्रमांकाची पट्टी मागून घ्यावी व तो क्रमांक गाडीबाहेर सुरक्षित ठेवावा. एकच चावी मिळाली असल्यास ती चालू आहे तोवरच दुसरी नोंदवून घेणे सोपे पडते. शेवटची चावी हरविल्यावर तेच काम खर्चाचे व वेळखाऊ होते. लांबच्या प्रवासात दुसरी चावी घरी न ठेवता सहप्रवाशाजवळ द्यावी. उन्हाळ्यापूर्वी बॅटरीचा दाब व टोके तपासावीत आणि मूठ बदलताना चिप नव्या मुठीत आल्याची खात्री करावी. चोराला अडविण्यासाठी बसविलेले हे साधन वय झालेल्या गाडीत मालकालाच अडवू नये, यासाठी एवढी काळजी पुरेशी ठरते. [→ मोटारगाडी, विद्युत् घटमाला].